हजार, हजार

ग्रिम्सबीच्या रविवारच्या जुन्या बाजारात
एका गाडीच्या उघड्या डिकीत,
कान तुटलेले कप आणि एका पायाचा बूट यांच्यामध्ये
तो बोर्ड पडला होता. काड्यापेटीएवढा.
बाई म्हणाली, तीन. मी म्हटलं, दीड.
सौदा दोनवर तुटला.
हे काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं,
मला ठाऊक आहे हे मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

ठाऊक म्हणजे तरी किती?
इचलकरंजीच्या पॉलिटेक्निकात
एका किटभोवती आम्ही नऊ जणी.
हात दोघींचेच चालत,
माझ्या वाट्याला वही.
जर्नलवर सरांचा शेरा: अक्षर छान.
चौदा वर्षांत कुणी विचारलं नाही,
दिवा लावलास का कधी?

आता दिवसभर हॅडॉक.
बर्फातून उचलायचा, काटा काढायचा, पेटीत निजवायचा.
दोन-दोन हातमोज्यांतही बोटं परकी होतात,
घरी येऊन कोमट पाण्यात
एकेकीला परत बोलवावं लागतं.

वहीच्या शेवटच्या पानावर हिशोब:
बोर्ड, दोन पौंड.
एलईडी, नाताळानंतर कुणी कचऱ्यात टाकलेल्या माळेतला.
रेझिस्टर, मुक्या रेडिओचं पोट फाडून;
नारिंगी नारिंगी तपकिरी म्हणजे तीनशे तीस,
हे मात्र अजून पाढ्यासारखं पाठ.
ब्रेडबोर्ड, एक पौंड ऐंशी. त्या आठवड्यात बस नाही, पायी.
लॅपटॉप घरमालकिणीच्या मुलाचा, टाकून दिलेला,
त्याची अर्धविरामाची कळ निखळलेली
आणि इथे प्रत्येक ओळीच्या शेवटी
नेमका तोच लागतो.
मी काडीने टोचून आणायची.

तीन रात्री लॅपटॉपला बोर्ड दिसेना.
बोर्डावरचा बारीक तांबडा ठिपका तर पेटलेला.
जीव आहे, वाचा नाही.
मी स्वतःला बोल लावला, मग बोर्डाला,
मग त्या डिकीवालीच्या सात पिढ्यांना.
चौथ्या रात्री उमगलं: केबल नुसती चार्जिंगची.
आत दोनच तारा. जेवू घालते, निरोप नेत नाही.
अशी माणसं मी पाहिली आहेत.
निरोप नेणारी केबल, नव्वद पेन्स.

मग हजार लिहिलं. खाली पुन्हा हजार.
एक सेकंद उजेड.
एक सेकंद अंधार.
खिडकीच्या कट्ट्यावर, तांदळाच्या दाण्याएवढा.
मी पलंगावर बसून राहिले, जेवण गार होईतो.
कामावर जातानाही बंद केला नाही.

तीन आठवड्यांनी समोरचे मिस्टर डॅनट
रस्ता ओलांडून आले. ऐंशीच्या पुढचे.
ट्रॉलरवर वायरलेस सांभाळायचे, आइसलंडच्या पाण्यात.
दारातच म्हणाले, पोरी,
लांब उजेड आणि तेवढाच अंधार,
लांब उजेड आणि तेवढाच अंधार,
आमच्या मोर्समध्ये ते एकच अक्षर. टी.
तीन आठवडे रात्र-रात्रभर
तू माझ्याकडे चहा मागते आहेस.
म्हटलं, आज द्यावाच.
त्यांच्या काखेत थर्मास होता.

चहा अगदी पांचट, दूधच जास्त.
मी दोन कप प्याले.
विजेच्या बिलाच्या पाठीवर त्यांनी
ठिपके आणि रेघा काढून दिल्या;
हात थरथरत होता, रेघा कुठे कुठे ठिपकेच झाल्या होत्या.

ते गेल्यावर हजार खोडलं.
दोनशे. सहाशे. दोनशे.
चव्वेचाळीस ओळी, तितक्याच वेळा काडी.
बाविसाव्या ओळीवर अडलं, तिथे मी टोचायला विसरले होते.

साडेअकराला समोरच्या बैठकीतला मोठा दिवा
विझला, लागला, विझला,
थोडा थांबला, पुन्हा लागला.
मला तोंडाने वाचता येईना इतकं भराभर.
वही ओढली. उतरवून घेतलं.
अक्षर छान आलं नाही.